चाळीस चिंचोके

गांधीबागेच्या कापडबाजारात, ताराचंदच्या दुकानाच्या पायरीवर बसून फुटाणे खाता खाता यमुताईला तिचं स्वतःचं अक्षर भेटलं.

तसं भेटायचं काही कारण नव्हतं. आठवड्याची सुटी होती, जानेवारीतलं साडेबाराचं ऊन पाठीवर बरं वाटत होतं, आणि ती आली होती फ्लॅनेलचे तुकडे घ्यायला. ताराचंद ठोकचा व्यापारी. पण ठाणांची टोकं उरली की तो ती यमुताईसाठी बाजूला ठेवायचा, कारण त्याची नात आठ दिवस तिच्या वॉर्डात राहून घरी गेली होती, स्वतःच्या पायांनी. त्या तुकड्यांच्या यमुताई बंड्या शिवायची. समोरून उघडणाऱ्या, दोन बंदांच्या. न्यूमोनियाच्या पोरांची छाती उबेत राहावी आणि पाहायची वेळ आली की चटकन उघडताही यावी. "सरकारनं नर्स ठेवली की शिंपी?" असं तिचे यजमान मुकुंदराव विचारायचे, आणि विचारता विचारता सुईत दोरा ओवून द्यायचे. तर ताराचंदचा माणूस माळ्यावरून गठ्ठा काढत होता, "बसा ताई, पाच मिनट," म्हणून तिला पायरी मिळाली होती, आणि पायरीला लागूनच प्रयागबाईची फुटाण्यांची टोपली होती. पुडी अर्धी झाली तशी कागदाच्या आतल्या बाजूला एक लाल रेघ दिसली. वर चढणारी, खाली उतरणारी, पुन्हा चढणारी. तापाची रेघ. ती तर यमुताईनं झोपेतही ओळखली असती. तिच्या खाली नाडीचे आकडे, त्यांच्या खाली श्वासांचे. चाराचा आकडा चोच उघडलेल्या पिल्लासारखा. असा चार आख्ख्या दवाखान्यात एकच बाई काढत असे.

"काय झालं वं बाई? खडा निघाला काय?" प्रयागबाईनं विचारलं.

"नाही वं. हा कागद कुठून आणला?"

"रद्दीतून. दवाखान्याचा हाय म्हणते. लय कडक राहते, पुडी मस्त वळते. पुस्तकाचा कागद मरतुकडा. त्याच्यात फुटाणे गरम टाकले का फाटलाच."

यमुताईनं उरलेले फुटाणे रुमालात ओतले आणि कागद मांडीवर सरळ केला. वरचा कोपरा फाटलेला होता. नावातलं फक्त "लता" राहिलं होतं. चारुलता असेल, हेमलता असेल, कोणीही. वय तीन वर्षं. खाट अकरा. तारीख सहा वर्षांपूर्वीची. आणि श्वासांच्या ओळीत: चोवीस, चोवीस, चोवीस, चोवीस, सव्वीस, चोवीस, चोवीस. त्यापुढे तेलकट डाग आणि फाटलेली कड. पोर पुढे घरी गेली की कुठे गेली, हे डागाच्या पलीकडे.

तिला ती लता आठवेना. याचं तिला वाईट वाटायला हवं होतं, पण तीस खाटांच्या वॉर्डात अठरा वर्षं काढलेल्या बाईला सगळी पोरं आठवत राहिली तर ती बाई राहणार नाही, तिची स्मशानभूमी होईल, हे तिला पूर्वीच कळून चुकलं होतं. वाईट वाटलं ते त्या सव्विसाचं. कारण तो सव्वीस तिला आठवला. म्हणजे तो दिवस नव्हे, ती युक्ती. सगळीकडे चोवीस दिसले की मोठी सिस्टर भिवई उचलायची. म्हणून मध्ये कुठे तरी एक सव्वीस टाकून द्यायचा, भाजीत चिमूटभर साखर टाकतात तसा. मग ओळ खरी दिसायची.

मोठी सिस्टर केरळातली होती. मराठी तोडकं मोडकं, पण हात असे की रडणारं पोर तिच्याकडे गेलं की आपलं रडणं विसरून तिच्या तोंडाकडे पाहत राही. तिनं यमुताईला शिकवलं होतं: नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. माणसाला वाटत राहू दे की तू अजून नाडीच मोजते. डोळे मात्र छातीवर. श्वास मोजतो हे ज्याचा श्वास आहे त्याला कळता कामा नये. कळलं की श्वास लाजतो, नाटक करतो. आणि पुरतं एक मिनिट. पाव मिनिट मोजून चारनं गुणायचं नाही. मुलाचा श्वास सरळ रस्त्यानं चालत नाही. धावतो, थबकतो, विसरतो, पुन्हा धावतो. त्याच्याबरोबर मिनिटभर चाल. यमुताईनं मग तेच पुढच्या मुलींना शिकवलं, वीस-बावीस तुकड्या तरी शिकवल्या, आणि शिकवताना ती इतकी चांगली बोलायची की तिचा तिला विश्वास बसायचा. पण घड्याळ छातीला लावून तीस पोरांपुढे तीस मिनिटं उभं राहायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. एक मिनिट ही फार लांबलचक वस्तू आहे. त्या मिनिटाच्या मध्येच पलीकडच्या खाटेवर कोणी ओकतं, सिलिंडरचा काटा खाली येतो, कोणाची आजी पोरीला चोरून जिलबी भरवते. आणि पोर तर समोर शांत झोपलेली असते. शांत झोपलेली पोर म्हणजे चोवीस.

हे आपण दवाखान्यात शिकलो असं ती इतके दिवस धरून चालली होती. आता पायरीवर बसल्या बसल्या तिला महाल भागातलं लहानपणचं घर दिसलं, मागचं आंगण, आणि आंगणात बाजेवर पुढे वाकून बसलेले बापूजी. वडलांना दमा होता. घराचा दिवस कसा जाणार ते त्यांच्या छातीच्या आवाजावरून ठरायचं. शिट्टी बारीक असली तर पोरांनी मोठ्यानं बोलायचं नाही, शिट्टी नसली तर बापूजी स्वतःच बाजाची पेटी काढून बसायचे. आई चुलीपासून उठू शकत नसे, म्हणून ती नऊ वर्षांच्या यमूला पाठवायची. "जा, दाराआडून पाहून ये किती आहे ते." यमू दाराआडून मोजायची, बोटांवर, आणि येऊन सांगायची. तिला आपण फार महत्त्वाच्या आहोत असं वाटायचं. मग एक दिवस शेजारच्या शेवंताकडे बाहुलीचं लग्न होतं. यमू दारापर्यंतही गेली नाही. माजघरातच उभी राहिली, तेवढा वेळ जाऊ दिला, आणि येऊन म्हणाली, "बावीस." आईनं मान हलवली, भाकरी उलटली. बाहुलीचं लग्न छान झालं. बापूजींनाही त्या दिवशी काही झालं नाही. काहीसुद्धा झालं नाही. तेच वाईट झालं.

"ताई, या. गुलाबी आहे, पांढरा आहे, अन् हा बदकाच्या छापाचा आहे," ताराचंद आतून म्हणाला. यमुताई उठली, गुलाबी तुकडा हातात घेतला, आणि उलगडता उलगडता थांबली. कारण असल्याच गुलाबी फ्लॅनेलची बंडी सात नंबरच्या खाटेवर होती. गोपिकाच्या अंगात.

गोपिका चार वर्षांची. हृदयाला जन्मापासून भोक. कन्हानच्या पलीकडे, एसटी उतरून अडीच कोस चालावं लागतं अशा गावची. बारा दिवसांपूर्वी रुखमाबाई, तिची आई, तिला पाठीशी बांधून घेऊन आली तेव्हा पोरीचे ओठ जांभळासारखे होते आणि श्वास साठाच्या वर. "पोट उडून राहिलं होतं, बाई," एवढंच ती सांगू शकली. उशा लावून बसतं ठेवलं, मुखवट्यानं प्राणवायू दिला, दर दोन तासांनी सुई. पोर वर आली. तिसऱ्या दिवशी चाळीस, पाचव्या दिवशी तेहेतीस, मग अठ्ठावीस, आणि हे सगळे आकडे यमुताईनं खरेच मोजले होते. हे ती आता, हातात गुलाबी तुकडा धरून, मनातल्या मनात कुणाला तरी शपथेवर सांगत होती. गोपिका तिला घडीवाली बाई म्हणायची. मोजताहेत हे तिला लगेच कळायचं, मनगट धरण्याची युक्ती तिच्यापुढे चालत नसे. ती दोन्ही गाल फुगवून श्वास कोंडून धरायची आणि डोळे मोठे करून पाहत राहायची की आता काय करतेस. पण कालपासून तिनं गाल फुगवले नव्हते. काल? काल यमुताई तिच्या खाटेपाशी कधी थांबली होती?

गोपिका घरी गेल्यावर काय करायचं हा प्रश्न होता. भोक काही बुजणार नव्हतं. छातीत पुन्हा पाणी भरू लागलं तर ते लवकर कळायला हवं होतं, आणि तिथे ना घड्याळ, ना रुखमाबाईला विसाच्या पुढे मोजता येत. म्हणून यमुताईनं डोकं चालवलं होतं. रुखमाबाईला जात्यावरची ओवी म्हणायला लावली आणि आपण घड्याळ धरलं. पाच वेळा म्हणवून पाहिलं. चार ओव्या म्हणजे एक मिनिट, एका सेकंदाचा फरक नाही. मग चाळीस चिंचोके मोजून पिशवीत दिले. डाव्या मांडीवर ठेवायचे, चार ओव्या म्हणायच्या, पोट वर आलं की एक चिंचोका उजवीकडे. चार ओव्या संपून चिंचोके उरले तर पोर बरी. ओव्या संपायच्या आधी चिंचोके संपले तर पोरीला उचलायचं आणि एसटी गाठायची, कुणाला विचारायचं नाही. "दोन्ही एकदम जमेल का तुला?" तिनं विचारलं होतं. रुखमाबाई हसली होती, बारा दिवसांत पहिल्यांदा. "जात्यात घास टाकता टाकता गातोच ना आमी? मंग हे काहून नाही जमन?"

आणि काल संध्याकाळी सहा वाजता, वॉर्डात एक दिवसाचं बाळ आलेलं, सिलिंडर संपलेलं, दोघीच जणी कामावर, यमुताई टेबलाशी बसून तीसही तक्ते एका दमात भरत असताना रुखमाबाई येऊन उभी राहिली होती. "ताई, आज सारे चिंचोके सरले. एक ओवी राहूनच गेली." आणि यमुताई मान वर न करता म्हणाली होती, "हळू गात असशील. घाई नाही, उद्या घरीच जायचं आहे ना?" आणि खाट सातच्या ओळीत पिल्लासारख्या चोचीचा चार काढला होता.

उद्या म्हणजे आज.

"ठेवा, मी मग येते," ती म्हणाली. गुलाबी तुकडा मात्र तिच्या हातातच राहिला, आणि ताराचंदनं तिला हाक मारली नाही.

चौकात धोंडबाचा सायकलरिक्षा मिळाला. पुलाच्या चढाला लागल्यावर त्याची पाठ वर-खाली होऊ लागली, आणि यमुताई मोजू लागली. मोजायचं नव्हतं, पण डोळ्यांना आता दुसरं काही येतच नव्हतं. समोरून येणाऱ्या संत्र्याच्या गाडीवानाचा, कडेवरच्या बाळाचा, सगळ्या रस्त्याचा श्वास तिला दिसायला लागला. पुलाच्या अर्ध्यावर ती उतरली.

"काहून उतरल्या बाई? बसा ना. आमचं रोजचंच हाय."

"बेचाळीस झाले गा तुझे."

"काय बेचाळीस?"

"काही नाही. वर चल, मग बसते."

"अन् तुमी कुठं कमी धापून राहिल्या?" धोंडबा म्हणाला, आणि ते खरं होतं.

दीड वाजत आला होता. वऱ्हांड्यात गोपिकाचा बाप रुपराव गाठोडं बांधत होता. गाडगं, घोंगडी, दवाखान्याच्या दाराशी घेतलेला प्लॅस्टिकचा पोपट. तीनची एसटी. आत टेबलावर सुटीचं कार्ड लिहून तयार. सकाळच्या ड्युटीची शोभाताई कपाटाला कुलूप लावत होती.

"आज सुटी ना तुझी? घरी भांडण झालं काय वं?"

"सातचा श्वास किती लिहिला सकाळी?"

"चोवीस."

"मोजला?"

शोभाताईनं किल्ल्या कमरेला खोचल्या. तिचं तोंड आधी रागावलं, मग उतरलं. हळूच म्हणाली, "काल संध्याकाळी तू चोवीस लिहिले होते. तुझा आकडा म्हटल्यावर पुन्हा कोण मोजते, यमू? त्याच्यावरून मी लिहिला, अन् माझ्यावरून मॅडमनं कार्ड केलं."

यमुताई सात नंबरवर जाऊन बसली. पोर उशीला टेकून बसली होती, झोपलेली नव्हती, खेळतही नव्हती. बंडीचे बंद सोडले. घड्याळ काढून हातात धरलं आणि मनगट धरलं. गोपिकानं तिच्याकडे पाहिलं आणि गाल फुगवले नाहीत. श्वास कोंडून धरण्याइतका श्वास तिच्यापाशी नव्हता. बरगड्यांच्या खाली एक खळगा पडत होता, भरत होता, पडत होता. पंधरा सेकंदांना बारा झाले. इथेच थांबून गुणाकार करता आला असता, उत्तर जवळपास तेच आलं असतं. पण ती थांबली नाही. ते मिनिट ती पूर्ण चालली. वॉर्डात कुणी तरी ओकलं, कुणाची तरी वाटी पडली. सेहेचाळीस. पुन्हा मोजले. सत्तेचाळीस.

डॉक्टर अरुंधती चहाला निघाल्या होत्या, दारातून परत आल्या. तिशीच्या आतल्या, कामाला चोख, यमुताईला मान देऊन बोलणाऱ्या. त्यांनी तक्ता पाहिला, पोरीकडे पाहिलं, पुन्हा तक्ता पाहिला.

"सिस्टर, सकाळी चोवीस आणि आता सत्तेचाळीस? राउंडला मी पाहिलं तेव्हा झोपेत होती. इतक्या तासांत एवढं कसं चढलं?"

इथे एक जागा होती. यमुताईला ती स्वच्छ दिसली, उघड्या दारासारखी. "मुलांचं असंच असतं मॅडम, एकदम चढतं." एवढं वाक्य. खोटंही नव्हतं ते, असतंच तसं. त्या वाक्यात तिची अठरा वर्षं सुरक्षित राहत होती आणि शोभाताईची सकाळही. बाहुलीचं लग्न छान झालं असतं.

"चढलं नाही आता," ती म्हणाली. "काल संध्याकाळपासूनच असणार. कालचा आकडा मी मोजला नव्हता. तसाच लिहिला. आईनं सांगितलं होतं, तेही मी ऐकलं नाही."

डॉक्टर अरुंधती खाटेवर वाकल्या. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, डावीकडे, उजवीकडे, पाठीला खाली, आणि तिथे बराच वेळ. मग सुटीचं कार्ड उचलून मधोमध फाडलं. "उजवीकडे खाली पुन्हा भरलंय. प्राणवायू लावा. सुई बदलू." दारापाशी जाऊन त्या वळल्या. "कालचा आकडा काटा, सिस्टर. खोडरबर नको. रेघ मारून काटा आणि सही करा."

यमुताईनं काटला. आडवी एक रेघ, खाली सही, आणि आजच्या रकान्यात सत्तेचाळीस. त्या साताचं अक्षर वाकडं आलं. शोभाताई बाजूला उभी होती. तिनं पेन मागून घेतलं आणि आपलाही चोवीस काटला.

रुपराव गाठोडं घेऊन दाराशी आला होता. "म्हंजे आज नाही जायचं काय बाई? घरी तूर सोंगाची हाय. काल तं म्हणे बरी झाली!"

"काल आमचं चुकलं, रुपराव. माझं चुकलं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. दवाखान्यात इतक्या दिवसांत हे वाक्य त्याला कुणी म्हटलं नसावं, कारण त्याला त्याचं काय करावं ते कळेना; त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि पोपट तेवढा काढून गोपिकाच्या पायाशी आणून ठेवला. रुखमाबाई खाटेच्या पलीकडे उभी होती. ती म्हणाली, "म्या सांगतलं होतं, ताई." तक्रार नव्हती त्यात. जात्याचा खुंटा सैल आहे असं सांगावं तसं.

"हो. सांगितलं होतंस."

"म्या हळू नाही गायली."

"नाही गायलीस."

त्या संध्याकाळी मुकुंदरावांनी विचारलं, एवढ्या उशिरा एकच तुकडा कसा आणला. आणि रुमालातून निघालेला तेलकट कागद उलटसुलट करत, हे काय आहे? "आकडे आहेत," यमुताई म्हणाली. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "सगळे चोवीस. एकच सव्वीस." "तो सुद्धा नाही," ती म्हणाली, आणि ते समजले की न समजले, त्यांनी सुईत दोरा ओवून तिच्यापुढे धरला. दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात विचारूनही पाहिलं. जुने कागद दर पाच वर्षांनी विकतात, अकरा नंबरवरची लता कुणालाच माहीत नव्हती. माहीत व्हायची आता वाट उरली नव्हती. कागद तिनं कपाटात ठेवला नाही, जाळलाही नाही. तो शिवणाच्या डब्यात राहिला, बटणांच्या खाली.

शनिवारी दुपारी ती कामावर आली तेव्हा मुखवटा निघाला होता. रुपराव तूर कापायला जाऊन परत आला नव्हता. रुखमाबाई खाटेवर मांडी घालून बसली होती, पुढ्यात गोपिका, आणि ओवी चालली होती, ओठांतल्या ओठांत, शेजारच्या खाटेलाही ऐकू जाणार नाही अशी. भावाच्या घोड्याबद्दल काही तरी होतं. तिचा हात मध्येच उठायचा, चिंचोका उजवीकडे जायचा. सुराला धक्का लागत नव्हता. यमुताई दाराशीच थांबली. चौथी ओवी संपली. रुखमाबाईनं मान वर केली, तिला पाहिलं, आणि डाव्या मांडीवरचे उरलेले चिंचोके मुठीत घेऊन मूठ तिच्यापुढे उघडली. आठ-नऊ असतील.

"छान," यमुताई म्हणाली. "थांब आता. मीही मोजते."

तिनं घड्याळ काढलं, बंडीचे बंद सोडले, मनगट धरलं. गोपिकानं घड्याळाकडे पाहिलं, मग घडीवाल्या बाईकडे पाहिलं, आणि सावकाश, पुरतं ठरवून, दोन्ही गाल टम्म फुगवले. डोळे मोठे केले. खळगा नाही, काही नाही. छाती एकदम स्थिर. पलीकडून शोभाताईनं हाक मारली, बारा नंबरचं दूध सांडलं म्हणून.

"येते," यमुताई म्हणाली. "एक मिनिट."

आणि पोर श्वास सोडेपर्यंत, घड्याळाकडे न पाहता, ती तशीच थांबून राहिली.